थाप ऐकू यावी म्हणून

नागपूरकराचा कान तालावर तयार होतो. मारबतीची मिरवणूक असो, ताजबागेचा संदल असो की भीमजयंती, गाडीवर ढोल-ताशे, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड बांधून धुमाल पार्टी निघाली की गल्लीतली पोरं आपोआप रस्त्यावर येतात. अशा गावात घरी केलेल्या गाण्यातली ढोलकी मऊ पडली, तर ती शेजाऱ्यालाही खटकते.

माझा भाचा मिहानमधल्या एका आयटी कंपनीत आहे. नोकरी सांभाळून तो जामठ्याच्या फ्लॅटवर रात्री गाणी करतो. लॅपटॉप, साउंड कार्ड आणि एक माइक एवढाच संसार. त्यानं एक भीमगीत बसवलं होतं, त्यात गायक, कीबोर्ड, बेस गिटार, ढोलकी आणि हलगी. ऐकवताना म्हणाला, "मामा, ढोलकी पूर्ण दबून राहिली ना! आवाज वाढवला तर गाणं फाटते."

दबण्याचं कारण कानातच आहे. आतल्या कानातल्या शंखाकृती नळीत प्रत्येक वारंवारतेची जागा ठरलेली असते. दोन आवाज एकाच जागेच्या आसपास आले की मोठा आवाज लहानाला झाकून टाकतो. त्यातही खर्जातला आवाज वरच्या आवाजाला जितका सहज झाकतो, तितका वरचा खालच्याला झाकत नाही. म्हणून बेस आणि कीबोर्डचा डावा हात जड झाला की ढोलकी गेलीच. सबंध ढोलकीचा आवाज चढवला, तर भांडणारा भागही सोबत चढतो आणि भांडण तसंच राहतं. इक्वलायझर इथे कामाला येतो, कारण त्यात नेमका एक पट्टा उचलता किंवा उतरवता येतो. 1972 मध्ये जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी पॅरामेट्रिक इक्वलायझर मांडला. कुठली वारंवारता, किती डेसिबल आणि किती रुंद पट्टा, या तिन्ही गोष्टी त्यात वेगवेगळ्या हातात येतात. आज मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही तो असतो.

ढोलकीच्या बाबतीत आणखी एक पेच आहे, आणि तो उलगडला सी. व्ही. रामन यांच्यामुळे. रामन 1910 च्या सुमारास सरकारी अर्थखात्यातले अधिकारी म्हणून काही काळ नागपुरात होते. पुढे 1920 मध्ये 'नेचर' नियतकालिकात त्यांनी आणि शिवकाली कुमार यांनी भारतीय तालवाद्यांवर टिपण लिहिलं. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून त्यातून सूर उमटत नाही. तबला-मृदंगावरच्या शाईमुळे मात्र ते उपस्वर मूळ स्वराच्या पटीत येतात आणि वाद्य सुरात बोलतं. आपल्या कारागिरांची ही मोठीच करामत आहे. पण मिक्स करणाऱ्याला तीच अडचणीची ठरते. गाण्याच्या सुरात लावलेली ढोलकी गायक आणि कीबोर्डच्या स्वरांतच मिसळून जाते. हलगीला शाई नसते, तिचा आवाज सुरात बसत नाही, म्हणून ती गर्दीतही वेगळी कळते. तेव्हा ढोलकीचा सूर वर आणण्यात फारसा अर्थ नाही. वर आणायची ती बोट कातड्यावर आदळतानाची थाप.

आम्ही सुरुवात ढोलकीला हात न लावता केली. गायकाच्या ट्रॅकवर हाय-पास फिल्टर टाकून 90 हर्ट्झच्या खालचं सगळं काढलं. विमानतळ जवळ असल्यानं तिथे घरघरही भरपूर होती. कीबोर्डचा 300 हर्ट्झच्या आसपासचा पट्टा चार डेसिबलनं उतरवला. या ढोलकीची धूम 100 हर्ट्झजवळ भरत होती, म्हणून बेसमधून तिथेच थोडं कापलं आणि बेसला 60 च्या आसपास मोकळं सोडलं. एवढ्यावरच ढोलकी अर्धी बाहेर आली.

मग ढोलकीकडे वळलो. अरुंद पट्टा भरपूर चढवून हळूहळू सरकवत नेला. 400 हर्ट्झच्या आसपास रिकामा डबा वाजल्यासारखा आवाज आला, तिथे तीन डेसिबल काढले. थाप 3,500 हर्ट्झजवळ सापडली, तिथे दोनच डेसिबल दिले. गायकाची व्यंजनंही याच भागात असतात. जास्त दिलं असतं तर शब्द पुसट झाले असते, आणि भीमगीतात शब्द हरवून चालत नाही.

यात दोन पथ्यं मी फार महत्त्वाची मानतो. एक, ढोलकी एकटी वाजवून इक्वलायझर लावू नये. एकटी गोड वाटणारी ढोलकी गाण्यात बहुधा बुडते. दुसरं, आधीचं आणि नंतरचं सारख्याच आवाजात पडताळावं, कारण मोठं वाजलेलं नेहमीच चांगलं वाटतं. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये दाखवून दिलं की आवाज हळू केला की कानाला खर्ज जास्त कमी होतो. त्यामुळे अगदी हळू आवाजातही थाप कळते का, हे ऐकावं.

पुढची परीक्षा खापरी स्टेशनवर. मिहानमधली मुलं मेट्रोनं सीताबर्डीला जाताना मोबाइलवरच गाणी ऐकतात. मोबाइलच्या इवल्या स्पीकरमधून 100 हर्ट्झची धूम जवळपास येतच नाही. मात्र 200 आणि 300 चे उपस्वर शाबूत असले, तर मेंदू खालचा स्वर स्वतःच भरून काढतो. म्हणून भाच्यानं धुमेला 200 जवळ किंचित उठाव दिला. त्यासाठी कीबोर्डमधून आणखी थोडं काढावं लागलं.

हेच धुमालवाल्यांनी करावं, असं मला मनापासून वाटतं. खर्ज भिंतींतून आरपार जातो, काडीचा कडकडाट मात्र हवेत आणि भिंतींत लवकर विरतो. त्यामुळे मागच्या गल्लीतल्या आजारी माणसाला नुसते धक्के बसतात, ताल कळतच नाही. निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा 2000 च्या ध्वनी नियमांतच आहे. खालचा पट्टा उतरवून काडीला वाट दिली, तर कमी आवाजातही ठेका समोरच्या गर्दीला स्पष्ट कळेल.

भाच्याचं गाणं अजून पूर्ण झालेलं नाही, हलगीपाशी अडलंय. ती पावसाळ्यात रेकॉर्ड झाली, कातडं सैल होतं. 5,000 हर्ट्झपुढे कितीही चढवलं तरी नुसती खरखर वाढते, कारण जे वाजलंच नाही ते इक्वलायझर आणणार कुठून? पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावून खर्ज आणणारे आणि हलगी शेकून तिचा आवाज चढवणारे वादक हे काम मुळातच उरकतात. आता थंडी पडली की वादकाला पुन्हा बोलवायचं, गच्चीवर शेकोटी करायची, हलगी चांगली तापली की माइक हातभर लांब ठेवून घ्यायची, असं ठरलंय.