अडगळीतील ‘रेसर’ पुन्हा रस्त्यावर
जुनी शर्यतीची सायकल किशोरवयीन मुलांना देण्यापूर्वी काय पाहावे, काय बदलावे?

– प्रतिनिधी

पुण्यासारख्या, एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या गावात आजही अनेक घरांच्या जिन्याखाली वा गच्चीवरील खोलीत एखादी जुनी ‘रेसर’ धूळ खात उभी असते. खाली वळलेले हँडल, अरुंद चाके आणि चिवट पोलादी सांगाडा ही तिची ओळख. घरातील मुलगा किंवा मुलगी तेरा-चौदा वर्षांची झाली आणि गिअरच्या सायकलीची मागणी पुढे आली, की पालकांना या सायकलीचे स्मरण होते. ती दुरुस्त करून मुलांच्या हाती देता येईल का, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा होकारार्थी आहे. मात्र सायकल चकचकीत करणे वेगळे आणि ती भर रहदारीत चालविण्याजोगी करणे वेगळे. पहिल्या कामात उत्साह पुरतो, दुसऱ्यात विवेक लागतो.

दहा गिअरचा जमाना

सत्तरच्या दशकाच्या आरंभी अमेरिका आणि युरोपात दहा गिअरच्या सायकलींची मोठी लाट आली. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमची रॅले, फ्रान्सची प्यूजो, जपानची फुजी अशा नाममुद्रांच्या सायकली घरोघरी पोहोचल्या. पुढे दोन आणि मागे पाच दातेरी चक्रे, म्हणून दहा गिअर. आपल्याकडे तेव्हा राज्य होते ते काळ्या, भक्कम, वीस किलोंच्या घरातील ‘रोडस्टर’ सायकलींचे. त्यामुळे परदेशातून आलेली रेसर ही अप्रूपाची वस्तू होती. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट चढणाऱ्यांना पाहून आपल्याकडेही अशी सायकल असावी, असे वाटणारी एक पिढी महाराष्ट्रात होऊन गेली.

या सायकलींचा आत्मा म्हणजे त्यांचा सांगाडा. १९३५ मध्ये बाजारात आलेली ‘रेनॉल्ड्स ५३१’ ही मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची नळी उत्तम सायकलींत वापरली जाई. सांगाड्यावर तिचे लेबल आढळल्यास तो सहसा टाकून देऊ नये. साध्या पोलादाच्या सायकली जड असल्या तरी टिकाऊ असतात. पोलादाचा गुण असा, की ते किंचित वाकले तर जाणकार कारागिराला सरळ करता येते, आणि तुटण्यापूर्वी बहुधा पूर्वसूचना देते.

प्रथम मूल मोजा, मग सायकल

खर्चाला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट निश्चित करावी. सायकल मुलाच्या मापाची आहे काय? बापाची सायकल मुलाला होईलच असे नाही, आणि ‘वाढत्या अंगाचा आहे, पुढे येईल’ हा कपड्यांचा नियम येथे लावणे धोक्याचे आहे. अनवाणी उभे करून जांघेपासून जमिनीपर्यंतची उंची मोजावी. या मापाच्या सुमारे दोन तृतीयांश इतकी सीटखालच्या नळीची लांबी असावी. उदाहरणार्थ, माप ८० सेंटिमीटर असेल तर ५३ सेंटिमीटरच्या म्हणजे २१ इंची सांगाड्यावर मूल नीट बसते. दांडीवर दोन्ही पाय टेकवून उभे राहिल्यावर मध्ये किमान एक इंच मोकळी जागा हवी. अचानक थांबावे लागल्यावर हाच इंच मोलाचा ठरतो. सांगाडा दोन इंचांनी मोठा असेल, तर तो वर्ष-दोन वर्षे तसाच ठेवावा. जुनी सायकल थांबू शकते.

सांगाड्याची परीक्षा

मापात बसणाऱ्या सायकलीची पुढची कसोटी उजेडात घ्यावी. हँडलखालच्या उभ्या नळीपाशी दांडी आणि तिरकी नळी येऊन मिळतात. तेथे खालच्या बाजूने बोट फिरवावे. रंगाला सुरकुती पडलेली असेल किंवा नळी फुगल्यासारखी लागली, तर सायकल कधी तरी समोरून जोरात आदळलेली आहे. पुढचा फोर्क, ज्याला कारागीर चिमटा म्हणतात, बाजूने पाहावा. त्याचे पाय मागे ढकलल्यासारखे दिसले तर तो बदलावाच. सांगाडा सरळ आहे की नाही हे दोरीने कळते. मागच्या चाकाच्या एका खाचेपासून दोरी पुढच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणावी आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर मोजावे. ते सारखे असावे.

पोलादापेक्षा अधिक भीती अॅल्युमिनियमची बाळगावी. हँडल आणि त्याला धरून ठेवणारा स्टेम अनेकदा अॅल्युमिनियमचा असतो आणि हा धातू फारशी सूचना न देता तुटतो. जोडाजवळ केसाएवढी भेग दिसली तरी तो भाग निकालात काढावा. स्टेम उपसून उंच करताना त्यावरील किमान खोलीची खूण बाहेर दिसता कामा नये.

खोलणे, धुणे, वंगण देणे

वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या सायकलीतील ग्रीस वाळून मेणासारखे होते. त्यामुळे चाकांचे हब, पायडलांचा मधला आस आणि हँडलचे कप हे सर्व खोलणे अपरिहार्य ठरते. बहुतेक जुन्या सायकलींत पुढच्या हबमध्ये प्रत्येक बाजूला दहा बारीक छर्रे, मागच्या हबमध्ये नऊ आणि मधल्या आसात सुट्या स्वरूपात अकरा पाव इंची छर्रे असतात. काढताना मोजून घ्यावेत आणि जुने पुन्हा न वापरता नवे टाकावेत. हा खर्च किरकोळ असतो, परिणाम मोठा.

आट्यांबाबत सावध राहावे. डावे पायडल उलट्या आट्यांचे असते. पाना वर धरून मागच्या चाकाच्या दिशेने फिरवला की दोन्ही पायडले सुटतात, हे सूत्र लक्षात ठेवण्याजोगे आहे. इंग्रजी बनावटीच्या सायकलीत मधल्या आसाचा उजवा कपही उलट्या आट्यांचा असतो. इटालियन आणि जुन्या फ्रेंच सायकलींची मापे निराळी असल्याने त्यांवर जबरदस्ती करू नये.

क्रँक कॉटर पिनेने बसविलेला असेल, तर ती ठोकून काढताना क्रँकखाली लोखंडी नळीचा भक्कम आधार द्यावा. अन्यथा हातोडीचा मार छऱ्यांवर बसून कपांना खळगे पडतात. नवी कॉटर बसविल्यावर पहिल्या चाळीस-पन्नास किलोमीटरनंतर ती पुन्हा आवळणे आवश्यक असते.

टायरच्या आकड्यांचा घोळ

सर्वाधिक फसगत टायर घेताना होते. या सायकलींची चाके बहुधा ‘२७ बाय सव्वा’ मापाची असतात. हे टायर धावेच्या ज्या कडेवर बसते, तेथील व्यास ६३० मिलिमीटर असतो. आजच्या रोड सायकलींच्या ‘७०० सी’ चाकांचा हा व्यास ६२२ मिलिमीटर, तर आपल्या रोडस्टरच्या ‘२८ बाय दीड’ टायरचा ६३५ मिलिमीटर. फरक मिलिमीटरांचा असला तरी एकाचे टायर दुसऱ्याला बसत नाही. म्हणून दुकानात इंच न सांगता टायरच्या कडेवरील ‘३२-६३०’ हा आकडा पाहून मागणी करावी. जुन्या सरळ कडेच्या धावेत हवा ७० पौंडांच्या आसपास ठेवावी. अधिक दाबाने टायर धावेतून निसटण्याची शक्यता असते.

ब्रेक : तडजोड नाही

या सर्व उपद्व्यापात ज्यावर मुलाचा जीव अवलंबून असतो, तो भाग म्हणजे ब्रेक. स्वस्त रेसर सायकलींच्या धावा क्रोम चढविलेल्या पोलादाच्या असत. त्या ओल्या झाल्या की रबर त्यांवरून घसरते आणि थांबण्याचे अंतर कित्येक पटींनी वाढते. ज्या प्रदेशात चार महिने पाऊस पडतो, तेथे ही त्रुटी दुर्लक्षिण्याजोगी नाही. अॅल्युमिनियमच्या धावांची चाके बसविणे हा यावरचा खरा उपाय. यासाठी ‘७०० सी’ची चाके घेतल्यास ब्रेकची रबरे चार मिलिमीटर खाली आणावी लागतात आणि बहुतेक जुन्या ब्रेकांत तेवढी सोय असते. नवे चाक घेताना मागच्या खाचांमधील अंतरही मोजावे. पाच गिअरच्या सायकलीत ते १२० मिलिमीटर असते, तर आजच्या अनेक चाकांना १३० मिलिमीटर लागते. पोलादी सांगाडा तितका फाकविता येतो, पण ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

सत्तरच्या दशकातील अनेक सायकलींवर हँडलच्या वरच्या भागातून ओढता येईल अशी जोड-तरफ असते. ती सोयीची वाटली तरी तिने पुरेसा जोर लागत नाही. ती काढून टाकावी. तारा आणि रबरे नवी घालावीत. मुलाची बोटे मूळ तरफेपर्यंत सहज पोहोचतात ना, हेही पाहावे. आणखी एक बाब. आपल्याकडे उजव्या हाताला पुढचा ब्रेक असण्याची पद्धत आहे, अमेरिकेत तो डाव्या हाताला असतो. परदेशातून आलेल्या सायकलीच्या तारा मुलाच्या सवयीप्रमाणे बदलून घ्याव्यात.

गिअर आणि साखळी

जुन्या गिअरना खटके नसतात. तरफ हळूहळू सरकवून कानाने अंदाज घ्यावा लागतो. शिमानोने १९८४ मध्ये खटक्याचे गिअर रूढ करेपर्यंत शर्यतपटूही असेच गिअर बदलत. मुले हे चार दिवसांत शिकतात. मात्र तरफ खालच्या नळीवर असल्याने एक हात सोडावा लागतो. म्हणून हा सराव आधी मोकळ्या मैदानात करावा. प्लॅस्टिकचे जुने फ्रेंच गिअर तडकलेले आढळतात. त्यांच्या जागी साधे धातूचे गिअर बसविणे श्रेयस्कर.

साखळीची झीज फूटपट्टीने कळते. एका खिळ्यावर शून्य ठेवले असता चोविसावा खिळा बरोबर बारा इंचांवर यावा. तो इंचाच्या सोळाव्या भागाने पुढे गेला असेल तर साखळी बदलावी. मागची चक्रेही झिजली असतील, तर नवी साखळी जोर लावताच त्यांवरून उडते आणि उभ्याने पायडल मारणारे मूल पुढे कोसळू शकते. तेव्हा दोन्ही एकत्र बदलावे.

चढाचाही विचार हवा. पुढे ४० आणि मागे २८ दात्यांच्या जोडीत पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे तीन मीटर जाते. ५२ आणि १४ च्या जोडीत ती सुमारे आठ मीटर जाते. कात्रजचा घाट चढायचा असेल, तर पहिल्या प्रकारची जोडी उपलब्ध असणे इष्ट.

रंग : घाई नको

बहुतेक पालक प्रारंभच रंगापासून करतात. तो शेवटी करावा आणि शक्य तर करूच नये. मूळ रंग, त्यावरील ओरखडे आणि नाममुद्रा हाच सायकलीचा इतिहास. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असल्याने तो कोरडा घासू नये, आणि हे काम मुलांना मुळीच देऊ नये. क्रोमवरचा वरवरचा गंज पाण्यात भिजविलेल्या अॅल्युमिनियमच्या पातळ कागदाने घासल्यास निघून जातो. जुन्या सायकली त्यांच्या मूळ रूपात कशा शोभतात हे ज्यांना पाहायचे असेल, त्यांनी पुण्यात कर्वेनगर येथे विक्रम पेंडसे यांनी उभारलेले सायकल संग्रहालय अवश्य पाहावे.

सायकल कोणाची?

खर्चाचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला, तर चाके, टायर, ब्रेक, साखळी आणि मजुरी मिळून ही रक्कम नव्या साध्या सायकलीच्या जवळ जाऊ शकते. सांगाडा वाकलेला किंवा तडकलेला असेल, तर भावनेपोटी पैसे ओतण्यात अर्थ नाही. पण सांगाडा चांगला असेल, तर या व्यवहारातून मिळणारी गोष्ट दुकानात विकत मिळत नाही. छर्रे मोजणे, ग्रीस भरणे, चाकाचा आउट काढताना आऱ्यांचा ताण ओळखणे ही कामे चौदा वर्षांच्या मुलाला सहज जमतात. स्वतः जोडलेल्या सायकलीचा आवाज बदलला की ते त्याला सर्वांआधी कळते, आणि ही जाण त्याच्या सुरक्षिततेचीच हमी असते.

पालकांनी मात्र एक मोह टाळावा. ही सायकल आपल्या तारुण्याचे स्मारक न होता मुलाचे वाहन व्हायला हवी. त्याला सपाट हँडल हवे असेल, घंटा आणि कॅरिअर हवे असेल, तर ते बसवू द्यावे. मूळ सुटे भाग पेटीत जपून ठेवले, म्हणजे झाले.

पहिल्या फेरीपूर्वी तपासा

* दोन्ही ब्रेक पूर्ण दाबल्यावर तरफ हँडलला टेकत नाही ना?
* पुढचे चाक गुडघ्यांत धरून हँडल फिरविल्यास स्टेम सरकत नाही ना?
* चाकांचे नट घट्ट आहेत का? चाक बाजूला हलविल्यास खडखड येते का?
* घंटा, मागचा लाल परावर्तक आणि दिवे बसविले आहेत का?
* मुलाच्या मापाचे हेल्मेट घेतले आहे का?
* पहिली फेरी वजनाने जड अशा मोठ्या माणसाने, निर्मनुष्य रस्त्यावर मारली आहे का?