जोशींचं विवर, मुक्काम शुक्र

केंगेरीपासून व्हाइटफील्डपर्यंतचं बेंगळुरू, सगळ्या सिग्नलांसकट, जोशींच्या विवरात मावेल. व्यास सुमारे ३४ कि.मी. आपलं लोणार त्यापुढे परसातली विहीर. पत्ता: शुक्र, अक्षांश ५.५ उत्तर, रेखांश २८८.८ पूर्व.

शुक्रावरच्या जागांना बायकांची नावं द्यायची, हा आंतरराष्ट्रीय खगोल संघाचा रिवाज. मॅक्सवेल पर्वतासारखे अपवाद मोजकेच. मोठ्या विवरांना कर्तबगार स्त्रियांची नावं, लहानांना नुसती पाळण्यातली. हे विवर डॉ. आनंदीबाईंचं. १८६५ साली कल्याणला जन्म, १८८६ मध्ये फिलाडेल्फियात एम.डी., आणि पुढच्याच फेब्रुवारीत, बाविशीही गाठण्याआधी, पुण्यात मृत्यू. कोल्हापूरच्या इस्पितळातली नेमणूक कागदावरच राहिली. नकाशावर इंग्रजीत ‘जोशी’ लिहिलंय ते त्या स्वतः लिहीत तसं, शेवटी दोन ‘ई’ लावून. पण यमुनेची आनंदी झाली ती लग्नात, आणि जोशी हे आडनावही सासरचं. बायकांच्या ग्रहावर त्यांचे पती गोपाळराव असे हळूच शिरलेत.

शेजार उग्र आहे. उत्तरेला बीटा, दक्षिणेला फीबी हे उंच प्रदेश आणि दोघांच्या मधून गेलेली देवना नावाची खचदरी. आग्नेयेला दोनेक हजार कि.मी.वर सोव्हिएत व्हेनेरा-१३ यान १ मार्च १९८२ रोजी उतरलं. दगडांचे रंगीत फोटो पाठवले आणि १२७ मिनिटांनी थंडावलं. अर्थात ४६० अंशांच्या भट्टीत ‘थंडावलं’ हा शब्द काही शोभत नाही. हवेचा दाब पृथ्वीच्या नव्वदपट. एवढ्या दाट हवेत लहानसहान अशनी वरच्या वर फुटून जातात. म्हणून दोन-तीन कि.मी.हून लहान विवरं तिथे जवळजवळ नाहीतच. लोणार घडवणाऱ्या दगडाला शुक्रावर बहुधा जमीनच दिसली नसती.

जोशींचं विवर दुर्बिणीतून दिसत नाही, कारण आम्लाचे ढग कायम पांघरलेले. १९९०च्या दशकात मॅगेलन यानाच्या रडारने ढगांपलीकडचा जवळजवळ सगळा ग्रह नकाशावर आणला. आता इस्रोचं यान तिकडे निघायचं आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने १,२३६ कोटी मंजूर केले, उड्डाणाचा बेत मार्च २०२८चा, आणि सोबत रडार असणार आहे.

केंगेरीच्याही पुढे, ब्यालाळूच्या शिवारात, इस्रोची ३२ मीटरची थाळी आभाळाकडे तोंड करून बसलेली आहे. मंगळयानाची खबर तिनेही झेलली. जोशींकडचा निरोपही याच शिवारात उतरेल.