म्हातारपणची कमजोरी आणि दाहाची गोळी

"डॉक्टर, अंगात त्राण राहिले नाही. गुडघेदुखीची गोळी घेतली की दोन दिवस बरे वाटते. तीच रोज घेतली तर?" पंचाहत्तरीतले एक आजोबा परवा मला विचारत होते. प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही.

अमेरिकेतील डॉ. लिंडा फ्रीड व सहकाऱ्यांनी २००१ साली जर्जरतेची पाच लक्षणे सांगितली : आपोआप वजन घटणे, सतत थकवा, हाताची पकड कमी होणे, चाल मंदावणे व हालचाल घटणे. यांपैकी तीन आढळली तर ती जर्जरता. अशा वृद्धांच्या रक्तात दाह दर्शविणारी द्रव्ये बहुधा वाढलेली असतात. जखमेभोवतीचा दाह काम झाले की शमतो. उतारवयातला मात्र राखेखालच्या निखाऱ्यासारखा धुमसत राहतो व स्नायूंच्या झिजेला हातभार लावतो.

मग दाहशामक औषध दिले तर? ऑस्ट्रेलिया व अमेरिकेत सुमारे १९ हजार वृद्धांपैकी निम्म्यांना रोज १०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी दिली. कोणाला कोणती, हे रुग्णाला ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यालाही नव्हते. २०१८ साली निष्कर्ष आले : धडधाकट जगण्याचा काळ वाढला नाही, गंभीर रक्तस्राव मात्र वाढला. २०२२ मध्ये जर्जरतेचा हिशेब मांडला, तेव्हाही फरक दिसला नाही. रक्तात दाह वाढलेल्या, चालताना त्रास होणाऱ्या वृद्धांना लोसार्टन व माशाचे तेल देऊन पाहिले. २०१९ च्या त्या निष्कर्षांतही ना दाह उतरला, ना चाल सुधारली.

याउलट २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सत्तर ते एकोणनव्वद वयाच्या १,६३५ जणांपैकी काहींना नियमित चालणे व ताकदीचे व्यायाम दिले, तर काहींना फक्त आरोग्यविषयक व्याख्याने. पुढे ४०० मीटर चालणेही अशक्य झालेले व्याख्यानांच्या गटात शंभरात ३५ निघाले, व्यायाम करणाऱ्यांत ३०. फरक लहान, पण खरा.

म्हणून आजोबांना सांगितले : दुखण्याची गोळी रोज घेतल्यास पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे बिघडतात. ती मनाने घेऊ नका. (हृदयविकारासाठी डॉक्टरांनी दिलेली अ‍ॅस्पिरिन मात्र स्वतःहून बंद करू नये.) वजन घटत असेल तर तपासून घ्या. जेवणात डाळ, उसळ, दूध, चालत असल्यास अंडे ठेवा. रोज झेपेल तेवढे चाला आणि हाताचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठा-बसा.

आजोबा तिथेच उठून दाखवू लागले. चौथ्या वेळी दमले. म्हटले, "उद्या पाच!"