ई-सिगारेटच्या द्रवाच्या बाटलीतलं निकोटिन घरी कसं मोजतात?

एकक : मि.ग्रॅ. प्रति मि.लि. २० मि.ग्रॅ. म्हणजे २ टक्के. युरोपीय संघात २०१६ पासून हीच कमाल मर्यादा. रिफिलची बाटली जास्तीत जास्त १० मि.लि.ची. ब्रिटनमध्येही तेच.

पद्धत : शाळेच्या प्रयोगशाळेतलं टायट्रेशनच. निकोटिन आम्लारिधर्मी असतं. मोजलेल्या द्रवात पाणी आणि ब्रोमोथायमॉल ब्लू हा दर्शक घातला की रंग निळा येतो. मग ठरावीक तीव्रतेचं सौम्य सल्फ्युरिक आम्ल सिरिंजने थेंबथेंब सोडायचं. हिरव्यावरून पिवळं झालं की थांबायचं.

हिशोब : निकोटिनचा रेणुभार १६२.२. म्हणून ०.१ नॉर्मल आम्लाचा १ मि.लि. सुमारे १६.२ मि.ग्रॅ. निकोटिनला पुरतो. नमुना १ मि.लि. आणि आम्ल १.२ मि.लि. लागलं, तर उत्तर साधारण १९.५. सिरिंज वाचताना ०.१ मि.लि.ची चूक झाली, तर फरक १.६ मि.ग्रॅ.चा, ३ मि.ग्रॅ.च्या बाटलीत तो निम्म्याहून जास्त.

इथे फसते : निकोटिन सॉल्टमध्ये बेन्झोइकसारखं आम्ल आधीच मिसळलेलं असतं, त्यामुळे आकडा खूपच कमी येतो. भेसळ या चाचणीत कळत नाही. द्रवाच्या तपकिरी रंगावरून तीव्रता ठरत नाही. निकोटिनचं ऑक्सिडीकरण झालं तरी रंग गडद होतो. खात्रीचा आकडा क्रोमॅटोग्राफीचा.

जपून : तीव्र निकोटिन त्वचेतून शरीरात शिरतं. हातमोजे, चष्मा हवेतच.

भारतात : २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात यांवर बंदी.