तळघरातील अग्नी आणि त्याची हवा

कॅनडात आणि अमेरिकेच्या मिनेसोटासारख्या उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात जमीन कित्येक फूट खोल गोठते, घराचा पाया त्या गोठणाऱ्या थराच्याही खाली न्यावा लागतो, आणि एवढे खोदकाम करावयाचेच तर तेथे एक मजला साधून घ्यावा, या हिशेबाने तळघर हा तेथील वास्तूचा नित्याचा भाग होऊन बसला. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तर पाहुण्यारावळ्यांच्या बैठकीसाठी हे ‘बेसमेंट’ मोठेच सोयीचे वाटते. तेथील गारठा जावा म्हणून नैसर्गिक वायूवर चालणारी शेकोटी बसविण्याचे गृहस्थ मनात आणतो, तेव्हा ज्वाला कशी दिसेल आणि भोवती कोणता दगड शोभेल याचीच मसलत प्रथम होते; वस्तुतः पहिला प्रश्न हवेचा आहे.

नैसर्गिक वायूतील मुख्य घटक मिथेन. त्याचे एक घनमाप पूर्णपणे जळण्यास सुमारे दहा घनमापे हवा लागते. ती पुरेशी मिळाली तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निर्माण होते. अपुरी पडली तर कार्बन मोनॉक्साइड उत्पन्न होतो, ज्याला रंग नाही, गंध नाही, आणि जो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट आसक्तीने चिकटतो. आपल्याकडे बंद न्हाणीघरातील गॅस गिझरने जे बळी घेतले, त्यांच्यामागे हेच रसायन आहे.

तळघरात ही अडचण अधिक बिकट होते. हिवाळ्यात घरातील उबदार हवा हलकी होऊन वर चढते व माळ्याच्या फटींतून निसटते. तिची भरपाई करण्यासाठी घर खालच्या अंगाने बाहेरची हवा ओढू लागते, आणि त्यामुळे तळघरातील दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी राहतो. त्यात स्वयंपाकघरातील पंखा आणि कपडे वाळविण्याचे यंत्र आणखी हवा बाहेर फेकतात. अशा वेळी खोलीतीलच हवेवर जळणाऱ्या शेकोटीला साधे धुराडे जोडलेले असेल, तर त्यातील प्रवाह उलटा फिरून ज्वलनवायू माणसांच्या खोलीत उतरण्याचा संभव असतो.

यावर निघालेली ‘डायरेक्ट व्हेंट’ची तजवीज मला फार मोलाची वाटते. तीत ज्वालेपुढे काच घट्ट बसविलेली असते आणि एकात एक घातलेल्या दोन नळ्या घराबाहेर जातात: बाहेरच्या नळीतून ताजी हवा आत येते, आतल्या नळीतून जळका वायू बाहेर पडतो, आणि जाता जाता येणाऱ्या हवेला ऊन करतो. खोलीला उष्णता मिळते; खोलीच्या हवेला अग्नीचा स्पर्शही होत नाही. धुराड्यावाचून चालणाऱ्या शेकोट्याही काही ठिकाणी विकल्या जातात, पण एक घनमीटर वायू जळला की सुमारे दीड लिटर पाणी वाफेच्या रूपाने खोलीत मिसळते, आणि मुळातच दमट असलेल्या तळघरात त्याने भिंतींना बुरशी धरते. तेवढ्या एका कारणासाठीही त्या मी त्याज्य मानीन.

गळतीचा विचार वेगळा. मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने वर जातो. परंतु जेथे नळाचा वायू पोहोचत नाही तेथे वापरला जाणारा प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो, आणि तो तळघराच्या जमिनीलगत साचून राहतो. अर्थात बंदिस्त जागेत हलका वायूही तितकाच घातक ठरतो. 1937 साली टेक्सासमधील न्यू लंडन येथील शाळेखालच्या पोकळीत गंधहीन नैसर्गिक वायू साठून स्फोट झाला आणि जवळजवळ तीनशे जीव, बहुतांशी मुले, प्राणास मुकले. त्यानंतर वायूला मुद्दाम उग्र दर्प देण्याचा कायदा झाला. म्हणून परवानाधारक कारागिराकडून जोडणी, सरकारी तपासनिसाकडून नळाच्या दाबाची परीक्षा आणि निजण्याच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र, यांत काटकसर करू नये.

अनेक शेकोट्यांना वीज लागत नाही. दोन भिन्न धातूंचा सांधा तापला की विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, हे सीबेक या शास्त्रज्ञाने 1821 साली दाखविले. अशा अनेक सांध्यांची जुडी छोट्या तेवत्या ज्योतीवर धरून वायूची झडप उघडी ठेवली जाते, आणि ज्योत विझली की झडप आपोआप मिटते. त्यामुळे हिमवादळात तारा तुटून घर तापविणाऱ्या भट्टीचा पंखा थांबला तरी तळघरातील उष्णता चालू राहते. मात्र नळीचे बाहेरचे तोंड जमिनीपासून व साचणाऱ्या बर्फापासून पुरेसे उंच घ्यावे लागते, आणि तळघराची बहुतेक भिंत मातीत असल्याने त्यासाठी नळी आधी वर चढवून मग भिंतीपार न्यावी लागते. तरीही वादळ सरताच फावडे घेऊन प्रथम ते तोंड मोकळे करावे, अंगणातील वाट मागाहून.