भस्म घेण्याआधी डबी वाचा

उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरच्या दुकानातून आरोग्यवर्धिनीसारखे आयुर्वेदिक औषध घेताना डबीवरचे घटक वाचा. ‘शुद्ध पारद’ म्हणजे पारा. नागभस्म शिशाचे, तर हरताळात आर्सेनिक असते. शोधन-मारणानंतर, म्हणजे धातू शुद्ध करून भाजल्यावर, भस्म पाण्यावर तरंगते का, बोटाच्या रेषांत भरते का, हे वैद्य पाहतात. त्यातून बारीकपणा कळतो, निर्धोकपणा सिद्ध होत नाही. २००८च्या अमेरिकी अभ्यासात इंटरनेटवरून घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे २१ टक्क्यांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. पारा, हरताळ असलेल्या औषधांवर ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्या’ हा इशारा कायद्याने सक्तीचा आहे. परवाना क्रमांक नसलेली पुडी नकोच. गरोदर स्त्रिया व मुलांना पारा, शिसे किंवा हरताळ असलेली औषधे परस्पर देऊ नका. पोटात कळा, थकवा, हातापायांना मुंग्या जाणवल्यास औषध डॉक्टरांना दाखवा आणि रक्तातील शिसे तपासण्याबद्दल विचारा.