करार, मंडळी आणि धर्मप्रांत

बीड जिल्ह्यातील गेवराईहून गोदावरी ओलांडली की जालना जिल्हा लागतो. जालना शहराजवळ एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी ‘बेथेल’ ही ख्रिस्ती वसाहत उभारली. शेषाद्री जन्माने ब्राह्मण. १८४३मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांच्या सहवासात त्यांनी बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला. वसाहतीची जमीन निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळाली. नाव मात्र बायबलमधले. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब उघड्यावर दगड उशाला घेऊन झोपतो. स्वप्नात त्याला स्वर्गाला टेकलेली शिडी दिसते आणि जागा झाल्यावर तो त्या जागेला बेथेल, म्हणजे देवाचे घर म्हणतो. बायबलची भाषा मराठवाड्याच्या मातीत अशी दीडशे वर्षांपासून रुजली आहे. तरीही ती बोलणाऱ्या शेजाऱ्यांना आपण पुरते ओळखत नाही.

करार कोणाचा?

बायबल हा एकच ग्रंथ नव्हे, ते ग्रंथालय आहे. त्याचे दोन भाग, जुना करार आणि नवा करार. देवाने इस्राएल लोकांशी नाते जोडले, त्यांनी आज्ञा पाळायच्या आणि त्याने त्यांना सांभाळायचे, हा जुना करार. शेवटच्या भोजनावेळी द्राक्षरसाचा प्याला हाती घेऊन येशूने आपल्या रक्ताने होणाऱ्या नव्या कराराची घोषणा केली. प्रोटेस्टंट मंडळ्यांत ‘प्रभुभोजन’ आणि कॅथलिकांत ‘मिस्सा’ होते, ती याच भोजनाची आठवण.

नव्या करारात २७ पुस्तके आहेत. पहिली चार शुभवर्तमाने मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावाने आहेत. त्यांत येशूचे जीवन येते. त्यापुढे प्रेषितांची कृत्ये आणि पत्रे. प्रेषित म्हणजे येशूने संदेश देऊन पाठवलेले शिष्य. कॅथलिक बायबलमध्ये एकूण ७३ पुस्तके, तर प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६. फरक जुन्या करारातला आहे. कॅथलिकांनी प्राचीन ग्रीक संग्रहातील काही पुस्तकेही प्रमाण मानली, तर प्रोटेस्टंटांनी ज्यूंच्या हिब्रू संग्रहापुरताच जुना करार ठेवला.

मंडळी, पाळक, फादर

चर्च म्हणजे केवळ इमारत नव्हे. श्रद्धेने एकत्र आलेली माणसे म्हणजे मंडळी. धनगर मेंढरांना सांभाळतो, तसा मंडळीला सांभाळणारा तो पाळक. येशूनेही स्वतःला ‘उत्तम मेंढपाळ’ म्हटले आहे. प्रोटेस्टंट पाळक संसारी असू शकतो, कॅथलिक फादर अविवाहित राहतात. अनेक मंडळ्या मिळून होतो धर्मप्रांत, आणि त्याचा प्रमुख बिशप. बीड जिल्ह्यातील कॅथलिक मंडळ्या १९७७मध्ये स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात येतात.

बीड जिल्ह्याच्या पश्चिमेकडचा वारसा वेगळा आहे. आष्टी-पाटोद्याला लागून असलेल्या नगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनने १८३१मध्ये काम सुरू केले. १८४२मध्ये तेथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले. ही परंपरा पुढे १९७०मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाली. या संस्थेत सहा वेगवेगळे पंथ एकत्र आले.

पंथ वेगळे का झाले?

येशू देवाच्या बरोबरीचा की देवाने निर्माण केलेला, या वादावर ३२५मध्ये आजच्या तुर्कस्तानातील निकेया येथे धर्मसभा भरली. पुत्र म्हणजे येशू पित्याशी, म्हणजे देवाशी, एकरूप आहे, असा निर्णय तिने दिला. ‘निकेयाचा मतांगीकार’ ही श्रद्धेची घोषणा आजही अनेक मंडळ्यांत म्हटली जाते. १०५४मध्ये रोमचे आणि कॉन्स्टँटिनोपलचे चर्च एकमेकांपासून दुरावले. १५१७मध्ये मार्टिन लूथर यांनी पापक्षमेच्या पत्रांच्या विक्रीला आव्हान दिले आणि प्रोटेस्टंट चळवळ उभी राहिली. आपल्याकडच्या मंडळ्यांच्या पाट्यांवरील वेगवेगळ्या नावांमागे हाच इतिहास आहे.

जानेवारी २०२०मध्ये शेजारच्या उस्मानाबादेत, आताच्या धाराशिवात, मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषवले. त्यांचे ‘सुबोध बायबल’ हा या सगळ्या संज्ञा समजून घेण्याचा उत्तम मराठी मार्ग आहे. ते वाचा. पुढच्या नाताळला शेजाऱ्याला शुभेच्छा देताना त्याची मंडळी कोणती, तिचा इतिहास काय, हेही आवर्जून विचारा. मुकुंदराज आणि दासोपंत या संतकवींच्या अंबाजोगाईने मराठीला मोठे केले. त्या मराठीत ख्रिस्ती माणसांचे शब्दही तितकेच आपले आहेत.